घरून ऑफिसचा पीसी उघडला की स्क्रीन अडकते: व्हीपीएनवरच्या रिमोट डेस्कटॉपचे नेहमीचे प्रश्न

पुण्यातल्या छोट्या ऑफिसांमधून, म्हणजे सीएची ऑफिसं, भोसरी-चाकणकडचे वर्कशॉपवाले, पेठांमधले ट्रेडर, सगळीकडून साधारण हेच प्रश्न येतात, आणि जीएसटीच्या ११ आणि २० तारखा जवळ आल्या की जरा जास्तच येतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सगळं विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपबद्दल आहे, म्हणजे घरून ऑफिसच्या पीसीची स्क्रीन उघडून तिथेच काम करायची सोय, आणि तीही व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून घर ते ऑफिस काढलेल्या खाजगी बोगद्यातून. खालचे सगळे उपाय एका दमात करू नका बरं का, एक बदल करा, त्यावर थोडा वेळ काम करून बघा, मग पुढचा. नाहीतर बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात परत पहिल्यापासून सुरू.

स्क्रीन अडकली तेव्हा टॅलीत अर्धी एंट्री होती. गेली का?

बहुतेक वेळा नाही. अडकतं ते तुमच्याकडे येणारं चित्र, टॅली ऑफिसच्या पीसीवर जशीच्या तशी उघडी असते. खिडकी फुलीवर क्लिक करून सरळ बंद करा, व्हीपीएन चालू आहे ना बघा, आणि परत जोडा, त्याच एंट्रीवर कर्सर लुकलुकत असेल. घाईत ऑफिसला फोन करून "जरा माझा पीसी रीस्टार्ट कर रे" असं मात्र सांगू नका, जे वाचलेलं असतं ते तेवढ्याने जातं. एकच अपवाद, काही ऑफिसात सर्व्हरवर तुटलेलं सेशन, म्हणजे तिथे उघडं राहिलेलं तुमचं काम, ठरावीक वेळाने आपोआप संपवायची पॉलिसी असते, तसं असेल तर लगेच परत जोडायला हवं. आयटीवाल्याला एकदा विचारून ठेवा.

नेट तर भारी आहे, यूट्यूब पळतंय, स्पीड टेस्टला १०० दाखवतोय. मग हेच का अडकतं?

कारण यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवतं, मधे दोन-चार सेकंद नेट गेलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. रिमोट डेस्कटॉपला साठवून ठेवण्यासारखं काही नसतंच. तुम्ही बटण दाबलं की ते ऑफिसला जाणार, तिथे अक्षर उमटणार, त्याचं चित्र परत येणार, आणि हे प्रत्येक बटणाला. त्यामुळे इथे स्पीडला फारशी किंमत नाही, पाकिटं, म्हणजे नेटवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे, वेळेवर आणि न गळता पोचतात का याला आहे. १० एमबीपीएसच्या सरळ चालणाऱ्या लाईनवर रिमोट मस्त चालतो आणि ३०० च्या लाईनवर वायफाय फालतू असेल तर रडतो.

दोष माझ्या घरात, लाईनमध्ये, व्हीपीएनमध्ये की ऑफिसात, हे कसं ओळखायचं?

हा एकच प्रश्न नीट सोडवलात तर बाकीचं निम्मं पान वाचायची गरज नाही. घरच्या लॅपटॉपवर तीन काळ्या खिडक्या उघडायच्या, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, आणि शेजारी शेजारी लावून ठेवायच्या. तिन्हीत पिंग (ping, समोरचा पत्ता किती वेळात उत्तर देतो ते मोजणारी आज्ञा) लिहून पत्ता टाकायचा आणि शेवटी स्पेस देऊन डॅश टी (-t), म्हणजे ते थांबवेपर्यंत चालू राहतं. पहिल्या खिडकीत घरच्या राउटरचा पत्ता, बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत ऑफिसच्या व्हीपीएन सर्व्हरचा बाहेरचा, पब्लिक पत्ता. तिसरीत ऑफिसच्या पीसीचा आतला पत्ता, जो फक्त व्हीपीएनमधून लागतो.

आता काम करत राहा आणि स्क्रीन अडकली की हात न लावता फक्त या तीन खिडक्यांकडे बघा. पहिलीतच आकडे २ मिलिसेकंदवरून ४००-५०० ला उड्या मारतायत किंवा "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येतंय, तर भांडण घरातल्या वायफायशी आहे, ऑफिसला फोन करू नका. पहिली शांत पण दुसरी थांबली, तर तुमची लाईन नाहीतर ऑफिसची लाईन. पहिल्या दोन छान चालल्यात आणि तिसरीच थांबली, तर व्हीपीएनचा बोगदा किंवा ऑफिसातलं नेटवर्क. आणि तिन्ही व्यवस्थित पळतायत तरी चित्र थिजलेलंच, तर मग रिमोट डेस्कटॉपचं स्वतःचं दुखणं आहे किंवा मोठी पाकिटं अडकतायत, दोन्ही खाली आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. दुसऱ्या खिडकीत बरेच जण गूगलचा ८.८.८.८ टाकतात, पण ऑफिसचं व्हीपीएन सगळाच ट्रॅफिक आपल्याकडे ओढत असेल तर ते पिंगही बोगद्यातूनच जातं आणि निष्कर्ष चुकतो, म्हणून व्हीपीएन सर्व्हरचाच पत्ता घ्या, तो बहुतेक व्हीपीएनमध्ये बोगद्याच्या बाहेरून जातो. आणि ऑफिसचा पीसी पिंगला उत्तर देत नसेल तर घाबरू नका, विंडोजचं फायरवॉल बऱ्याचदा पिंग अडवतं, अशा वेळी ऑफिसच्या राउटरचा आतला पत्ता वापरा.

पहिल्याच खिडकीत गोंधळ आहे. आता?

केबल लावा. खरंच, पंधरा फुटांची लॅनची वायर घ्या आणि एक दिवस तिच्यावर काम करा, अडकणं थांबलं तर विषय संपला. वायर शक्यच नसेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा, कारण सोसायटीत वर-खाली-शेजारी सगळ्यांचेच राउटर २.४ वर ओरडत असतात, त्यात मायक्रोवेव्हही तिथेच तडफडतो. पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातो हेही आहेच, सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतींमागे माडीवर बसलात तर त्याची रेंज येणार नाही, तिथे वायरच ओढावी लागते.

शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अ‍ॅडाप्टरच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्यायची टिक असते, ती काढा. काही नवीन लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, तिथे निदान चार्जर लावून काम करा.

ठरावीक वेळेलाच अडकतं, संध्याकाळी मुलं घरी आली की. मुलांचा काय संबंध?

मुलांचा नाही, त्यांच्या फोनचा. फोन वायफायला जोडला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागतो आणि अपलोड तुंबतं. राउटरमध्ये रांग लागते, तुमचं एक इवलंसं बटण त्या रांगेच्या मागे उभं राहतं. कोथरूडच्या एका घरात पाहिलं, भोसरीच्या वर्कशॉपचं अकाउंट घरून बघणाऱ्या ताई होत्या, दुपारभर दुसऱ्या खिडकीत पिंग १२-१५ मिलिसेकंद, आणि मुलगी क्लासहून येऊन सोफ्यावर फोन घेऊन बसली की तोच आकडा बघता बघता १८०० पर्यंत. फोनमधलं फोटो बॅकअप रात्रीवर टाकलं, बस्स. राउटरमध्ये क्यूओएस किंवा स्मार्ट क्यू (कोणाचं पाकीट आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) असं काही असेल तर तेही चालू करा, अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडपेक्षा थोडी कमी ठेवायची म्हणजे रांग तुमच्या ताब्यात राहते. हाच प्रकार उलट बाजूलाही होतो हं, ऑफिसचं क्लाउड बॅकअप भर दुपारी सुरू होत असेल तर घरून काम करणारे सगळे एकदमच अडकतात.

लॉगिन होतं, डेस्कटॉप दिसतो किंवा नुसती काळी स्क्रीन येते, आणि तिथेच सगळं गार. छोटं काम चालतं, मोठी एक्सेल उघडली की मेलं.

हे ऐकलं की पहिला संशय एमटीयूवर, म्हणजे एका पाकिटाच्या जास्तीत जास्त मापावर. साध्या लाईनवर एका पाकिटाचं माप १५०० बाइट असतं, पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने नेट जोडायची पद्धत) असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लोकल ब्रॉडबँडवाल्यांचं असतंच, तर १४९२. व्हीपीएन त्यावर स्वतःचं वेष्टन चढवतं आणि आतल्या सामानाला जागा कमी उरते. वायरगार्ड हा व्हीपीएनचा एक प्रकार म्हणूनच साधारण १४२० धरून चालतो. माप चुकलं की लहान पाकिटं जातात, मोठी वाटेत अडकतात, तुळशीबागेच्या बोळात टेम्पो घातल्यासारखं. खरं तर वाटेतल्या राउटरने "हे मोठंय, लहान करून पाठव" असा निरोप द्यायचा असतो पण कुठल्यातरी फायरवॉलने तो निरोपच अडवलेला असतो, मग तुमचा पीसी तेच मोठं पाकीट परत परत पाठवत बसतो.

तपासायचं असं. व्हीपीएन चालू ठेवून ऑफिसच्या आतल्या पत्त्याला पिंग करा, पण पत्त्याआधी डॅश एफ (-f), मग डॅश एल (-l) आणि पुढे १४७२ हा आकडा. पाकीट फोडावं लागेल असा मेसेज आला किंवा उत्तरच आलं नाही, तर आकडा १०-१० ने उतरवत चला. ज्या आकड्याला पहिल्यांदा नीट उत्तर येईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा खरा एमटीयू. म्हणजे १३७२ ला उत्तर आलं तर १४००. वायरगार्ड असेल तर कॉन्फिगच्या इंटरफेस भागात एमटीयूची ओळ टाकायची, ओपनव्हीपीएन असेल तर एमएसएसफिक्सचा आकडा उतरवायचा, ऑफिसचं फायरवॉल बोगदा देत असेल तर तिथे एमएसएस (एका पाकिटातल्या डेटाचं माप) क्लॅम्प करायला, म्हणजे मर्यादेत ठेवायला सांगायचं. नुसता अंदाजे १३०० टाकून मोकळे होणारेही आहेत आणि चालतंही, पण मोजून टाकलेलं बरं.

तिन्ही पिंग सुरळीत, एमटीयूही बघितला. तरी चित्र थिजतं, पण ऑफिसात बसलेला म्हणतो तुमचा माउस हलतोय.

मग यूडीपी बंद करून बघा (पाकिटं पाठवायच्या दोन पद्धती: टीसीपी पोचल्याची खात्री करतो आणि हरवलं तर परत पाठवतो, यूडीपी त्यात वेळ घालवत नाही), माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि लोक शेवटी करतात. रिमोट डेस्कटॉप ३३८९ पोर्टवर (पीसीच्या ठरलेल्या नंबरच्या दारावर) टीसीपीने जोडला जातो, आणि विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून चित्रासाठी त्याच पोर्टचा यूडीपीही वापरतो. चांगल्या लाईनवर यूडीपीने छान फरक पडतो, पण काही व्हीपीएन आणि काही राउटर मधेच ते यूडीपी गिळतात, आणि जोडणी तुटलीय हे कोणाला कळत नाही. चालू आहे का ते बघायला फुल स्क्रीनमध्ये वरच्या निळ्या पट्टीवर सिग्नलच्या काड्या असतात, त्यावर क्लिक केलं की यूडीपी चालू आहे का ते सांगतो.

बंद करायला घरच्या लॅपटॉपवर ग्रुप पॉलिसी उघडा, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, मग रिमोट डेस्कटॉप कनेक्शन क्लायंट, आणि तिथे "टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट" हे एनेबल करा. हो, एनेबलच, कारण पॉलिसीचं नावच "बंद करा" आहे, इथे भलेभले उलटं करतात. विंडोज होम असेल तर ग्रुप पॉलिसी मिळत नाही, रजिस्ट्रीतून करावं लागतं, ते आयटीवाल्याकडूनच करून घ्या. सगळ्या स्टाफला त्रास असेल तर प्रत्येकाच्या घरी जाण्यापेक्षा ऑफिसच्या पीसीवर सेशन होस्टच्या कनेक्शन्समध्ये फक्त टीसीपी निवडा.

याच्या जोडीला अजून एक, रिमोट डेस्कटॉपच्या एक्सपिरियन्स टॅबवर बिटमॅप साठवून ठेवायची टिक असते ती काढून बघा. चित्राचे तुकडे तुकडे अडकत असतील तर याने बऱ्याचदा सुटतं.

विंडोज अपडेट झालं आणि तेव्हापासूनच सुरू झालं. उगाच वाटतंय का?

उगाच नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज सर्व्हर २०२५ वर रिमोट सेशन जोडल्यावर थोड्याच वेळात माउस-कीबोर्ड बंद पडायचे, मायक्रोसॉफ्टने तो दोष मान्य केला आणि एप्रिलच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला. त्याच सुमारास विंडोज ११ च्या २४एच२ वरून सर्व्हर २०१६ किंवा त्याहून जुन्या सर्व्हरला यूडीपीने जोडलं की ६५ सेकंदांनी तुटायचं, तेही नंतरच्या अपडेटने गेलं. म्हणजे दोन्हीकडची अपडेटं पुरी करा, अर्धवट ठेवू नका. ऑफिसात अजून विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तो वेगळा विषय काढायला लागेल. जुन्या ग्राफिक्स कार्डच्या पीसीवर जोडताच काळी स्क्रीन येत असेल तर ऑफिसच्या पीसीवर ग्रुप पॉलिसीतल्या रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटमधली डब्ल्यूडीडीएम (ग्राफिक्स) ड्रायव्हरची पॉलिसी डिसेबल करून रीस्टार्ट करा.

घड्याळ लावल्यासारखं बरोबर तासाने अडकतं.

हे आवडतं दुखणं, कारण पकडायला सोपं. व्हीपीएन दर काही वेळाने डेटा कुलूपबंद करायच्या किल्ल्या बदलतं, ओपनव्हीपीएनमध्ये न बदललेली सेटिंग ३६०० सेकंद असते, म्हणजे एक तास. ऑफिसने ओटीपी लावला असेल तर किल्ली बदलताना तो परत विचारतो, ती छोटी खिडकी रिमोटच्या फुल स्क्रीनमागे लपलेली असते आणि तुम्ही समजता हँग झालं. व्हीपीएनच्या लॉगमधली वेळ आणि अडकल्याची वेळ जुळते का बघा. दुरुस्ती सर्व्हरवर होते, घरून नाही.

चहा घेऊन आलो की अडकलेलं असतं. काम करत असताना कधीच नाही.

शांत बसलेली यूडीपीची वाट घरचा राउटर काही वेळाने बंद करून टाकतो, काही राउटर तर अर्ध्या मिनिटातच. वायरगार्डमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ टाका, दर २५ सेकंदांनी एक ठोका जात राहतो आणि वाट उघडी राहते. रिमोट डेस्कटॉपचीही वेगळी कीपअलाइव्ह पॉलिसी ऑफिसच्या पीसीवर असते, ती चालू केली की मेलेली जोडणी लवकर कळते. आणि लॅपटॉपचं झाकण बंद करून जात असाल तर मात्र आमच्याकडे उपाय नाही.

प्रिंट दिली किंवा फाईल कॉपी-पेस्ट केली की सगळं थांबतं.

कॉपी-पेस्टने ४०० एमबीची फाईल ओढलीत तर ती त्याच वाटेने जाणार आणि तुमचं चित्र थांबणार, मोठ्या फाईल शेअर्ड फोल्डरने पाठवा. लोकल रिसोर्सेस टॅबवर जाऊन ड्राइव्ह आणि प्रिंटरच्या टिका काढा, लागेल तेव्हा लावा. घरच्या लॅपटॉपवर बंद पडलेला एखादा नेटवर्क ड्राइव्ह लटकत असेल तर रिमोटमध्ये फाईल एक्सप्लोरर उघडतानाच फिरत बसतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मीटिंगही रिमोटच्या आत घेऊ नका, ती घरच्या लॅपटॉपवर घ्या.

आमचं व्हीपीएन टीसीपीवर आहे. फरक पडतो?

पडतो. लाईन जरा गळली की बाहेरचा टीसीपीही पाकीट परत पाठवतो आणि आतल्या रिमोटचा टीसीपीही, दोघं मिळून वाट तुंबवतात. हॉटेल किंवा कॅफेच्या वायफायवर यूडीपी बंद असेल तेवढ्यापुरतं टीसीपी ठीक, रोजच्या कामाला यूडीपीवरचं व्हीपीएन मागा.

पावसाळ्यात आणि लाईट गेली की जास्त होतं.

इन्व्हर्टर घराला सांभाळतो पण बदलताना क्षणभर जी वीज जाते त्यात राउटर आणि फायबरचा डबा रीस्टार्ट होतात, मग दोन-तीन मिनिटं नेट नाही. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, लावून टाका. घ्यायच्या आधी दोन्ही डब्यांच्या अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. गुरुवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते तेव्हा ऑफिसच्या बाजूचाही विचार करा, तिथला पीसी वीज आल्यावर आपोआप चालू होईल अशी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) सेटिंग असते, आणि झोपी जायचं, म्हणजे स्लीप, बंद ठेवा, नाहीतर एकदा तुटलं की परत जोडलंच जात नाही आणि वॉचमनकाकांना चावी घेऊन वर पाठवावं लागतं.

फोनच्या हॉटस्पॉटवर चालेल?

तातडीला चालेल, आणि तपासायला तर उत्तमच. हॉटस्पॉटवर अडकत नसेल तर दोष घरच्या लाईनचा किंवा वायफायचा. मोबाईल नेटवर्कवर एमटीयू आणखी कमी लागू शकतो तेवढं ध्यानात ठेवा.

इतकी कटकट, त्यापेक्षा व्हीपीएन काढून राउटरवर ३३८९ थेट उघडू का?

अजिबात नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची रिमोट डेस्कटॉपची भेग सापडली तेव्हा मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला होता, यावरून काय ते समजा. उघडा ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, आणि पोर्ट नंबर बदलून लपत नाही.

सगळं करून बघितलं. आयटीवाल्याला फोन करताना काय सांगू?

"हँग होतंय" एवढंच सांगू नका. अडकल्याची नेमकी वेळ, तीन खिडक्यांपैकी कुठली थांबली त्याचा फोटो, वायरवर की वायफायवर, आणि दुसऱ्या कोणाला तेव्हाच झालं का, एवढं व्हॉट्सअ‍ॅप करा. आयटीवाल्यासाठी: ऑफिसच्या पीसीवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजरचा ऑपरेशनल लॉग उघडा, २४ म्हणजे सेशन तुटलं, २५ म्हणजे परत जोडलं, आणि ४० मध्ये कारणाचा आकडा असतो. कळवलेल्या वेळेला तिथे २४ असेल तर सर्व्हरला तुटल्याचं कळलं होतं. काहीच नोंद नसेल तर सर्व्हरच्या मते सगळं चालूच होतं, मग यूडीपी आणि एमटीयूच्या प्रश्नांकडे परत जा.